काउंटरवरचा वरवंटा

मी लिहून देते, आख्ख्या पनवेल तालुक्यात वस्तू घ्यायच्या आधी तिचा स्पेअर पार्ट विकत घेणारी एकच बाई आहे, आणि ती माझ्या मैत्रिणीची काकी आहे. तुम्ही-आम्ही फ्रिज घ्यायला गेलो की दार उघडून कप्पे मोजतो, रंग बघतो, उगाच बर्फाचा ट्रे ओढून बघतो. काकी फ्रिजकडे ढुंकूनही बघत नाही. ती थेट सेल्समनसमोर उभी राहते आणि म्हणते, "फ्रिज मंग बगू. आदी ह्याच्या दाराचा रबर दाखव." सेल्समनला वाटतं बाई मस्करी करतायत. तो हसतो. काकी हसत नाही. मग तो म्हणतो, "मॅडम, रबर कंपनीतून मागवावा लागेल." "किती दिसात?" "ते असं सांगता नाही येणार." "मंग फ्रिज पन त्याच दिशी घेऊ," म्हणून काकी चालायला लागते. अशी तिने मला एका दुपारी लाइन आळीपासून नवीन पनवेलपर्यंत सात दुकानं फिरवलीयत. सातव्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने काही न बोलता माळ्यावरून रबर काढून दिला. काकीने तो ताणून बघितला, वास घेतला, पिशवीत घातला आणि म्हणाली, "आता दाव तुजा फ्रिज." रंग कुठला हवा ते तिने विचारलंच नाही. घरी आला तेव्हा कळलं, तो जांभळा आहे.

माझी मैत्रीण म्हणजे प्राजू. तिचं गाव पळस्प्याच्या अलीकडे, आता गाव कसलं, चारी बाजूंनी गोदामं आणि मधे ह्यांची घरं. काकी ह्या घरात सून म्हणून आली, पण हे स्पेअरचं वेड तिचं स्वतःचं, नोकरीतून आलेलं. तिच्या माहेरची जमीन बंदरात गेली आणि बदल्यात तिला न्हावा शेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात नोकरी मिळाली, वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. रिटायर होईपर्यंत ती जाळीच्या खिडकीमागे बसली. बाहेर कंटेनर उचलणारी राक्षसासारखी मशीनं आणि आत काकी, आणि काकीच्या मागे रॅकच रॅक. हाताच्या पंजाएवढं रबरी सील नसलं की घराएवढं मशीन उभं राहतं, आणि मशीन उभं राहिलं की ट्रेलरची रांग पार हायवेला जाते, हे तिने इतक्यांदा बघितलंय की तिचं जगाबद्दलचं एकच मत होऊन बसलंय. "मशीन कदी बिगडत नाय गो पोरी. माल नसतो."

आता घरात बसून काय करायचं, तर तिने घराचंच स्टोअर केलं. खरं सांगते, अजिबात वाढवून सांगत नाहीये. तिच्याकडे नंबर छापून चिकटवायचं एक छोटं मशीन आहे, आणि त्या घरात नंबर नसलेली एक वस्तू नाही. स्वयंपाकघर म्हणजे KI, हॉल म्हणजे HA. कुकर KI-4, झोपाळ्याची कडी HA-9, आणि त्यांचे स्पेअर कपाटात त्याच नंबरच्या डब्यात. तिसरा विभाग MA, म्हणजे माणूस! त्यात काकांच्या चष्म्याची काडी, कवळीची डबी, काठीच्या खालचं रबरी टोपण. शिवाय यार्डातला नियम घरातही चालू: जुना द्या, नवा न्या. मी एकदा सेफ्टी पिन मागितली तर तिने हात पुढे केला, "जुनी कुटं हाय?" जुनी पनवेल स्टँडवर पडली होती. नाही मिळाली मला पिन. सबंध संध्याकाळ ओढणी हाताने धरून बसले. नशीब, भाकरीला हा नियम नाही. काका तर उघड म्हणतात, "माज्यावर नंबर चिकटवला असता हिनी. पन जुना जमा केल्याबिगर नवा भेटत नाय ना, म्हनून वाचलो."

आणि गंमत अशी की काकीला स्वतःला काहीही दुरुस्त करता येत नाही. झीरो! एकदा तिने मिक्सर उघडला तर स्प्रिंग उडून थेट देव्हाऱ्यात गेली, गणपतीच्या मागून काढावी लागली. तेव्हापासून ती पान्याला हात लावत नाही. "दुरुस्ती त्याचा काम, माल माजा काम," असं म्हणून ती इलेक्ट्रिशियनला बोलावते आणि ऑपरेशनमधल्या नर्ससारखी बाजूला उभी राहून तो मागायच्या आधी पार्ट त्याच्या हातावर ठेवते. प्राजूला बघायला मुलगा आला, तेव्हासुद्धा हिने पगार विचारला नाही, फ्लॅट कुठे ते विचारलं नाही. विचारलं काय, तर "तुमच्या घरान कायतरी बिगडला तर कोन बगतं?" मुलगा गडबडला. म्हणाला, "मी व्हिडिओ बघून उघडतो. मग ते परत बंद होत नाही."  काकीने मान हलवली. "खरा बोलला. चालंल."

तर लग्न ठरलं. आणि आता खरी गोष्ट.

ह्यांच्यात, म्हणजे आगरी लोकांत, लग्नाला धवला लागतो. धवला म्हणजे लग्नाची गाणी, पण नुसती गाणी नाहीत. हळदीपासून पुढे जे जे करायचं त्या प्रत्येकाचा धवला वेगळा, आणि तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीन. ती ओळ सुरू करते, मागच्या बायका उचलतात, त्यांचं संपलं की ती पुढची देते. आणि आख्ख्या गावात सगळा धवला येणारी एकच बाई उरलीय, ती म्हणजे प्राजूची मोठी आई, काकीची थोरली जाऊ. लहानपणापासून प्राजू एकच सांगायची, डीजे नसला तरी चालेल, पार्लर नसलं तरी चालेल, माझ्या हळदीला मोठी आईच गाणार.

मोठी आईला चार वर्षांपासून ऐकू येत नाही. कानात मशीनं आहेत, दोन्ही कानांत, आणि रात्री ती एका डबीत ठेवायची, म्हणजे चार्ज होतात. हळदीला बारा दिवस राहिले आणि ती डबी मेली. दिवा लागेना. वायर बदलली, प्लग बदलला, काही नाही. मशीनं ठणठणीत, फक्त डबी गेली. आणि काकीच्या कपाटात MA-11 च्या डब्यात सगळं होतं, कानात बसवायचे रबर, फिल्टर, ब्रश. फक्त डबी नव्हती! मशीन घेताना हिने डबी मागितली होती, तेव्हा सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला होता, "लागेल तेव्हा मिळेल, काकी." आयुष्यात एकदा, एकदाच, तिने कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला होता.

आता तोच माणूस म्हणाला, "मॉडेल बंद झालं. डबी येत नाही. नवीन जोडी घ्या, जुन्यावर ऑफर आहे." पण नवीन मशीनं कानाला जुळवायला आठवडेच्या आठवडे जातात. हीच जोडी मोठी आईला सहा महिन्यांनी सोसायला लागली होती, तोवर ती मशीनं काढून तांदळाच्या डब्यात लपवायची.  मोठी आईला कुणीतरी हातवारे करून समजावलं. तिने ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि म्हणाली, "दुसरी धवलारीन बगा. दुसऱ्या गावची आना. मी बसून ऐकीन." मग म्हणाली, "ऐकीन तरी कशी." आणि स्वतःच हसली. प्राजू उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातही आम्हाला ऐकू येत होतं.

मी लगेच मोबाइल काढला. मला अशा वेळी स्वस्थ बसवतच नाही. म्हटलं, "काकी, राइट टु रिपेअर! दुरुस्तीचा हक्क! मी वाचलंय, सरकार आणतंय, कंपन्यांना स्पेअर द्यावेच लागणार, कितीतरी वर्षं द्यावे लागणार, कायदाच येतोय!" काकी म्हणाली, "येऊ दे. आला का त्याला चा करू. पन हलद बुदवारी हाय." मग म्हणाली, "तुजा हात जलद चालतं ना? लिव. कंपनीला लिव, पार्टचा नंबर टाकून लिव." माझा टायपिंगचा स्पीड हा माझ्या आईचा अभिमान आणि माझ्या ऑफिसची डोकेदुखी आहे. काकी सांगत होती त्याच्या पुढेच मी लिहीत होते. पार्ट नंबरचा रकाना आला, डबी समोरच होती, मी उलटी केली, नंबर बघितला, टाकला, पाठवलं.

आठ मिनिटांत उत्तर! एवढं लांबलचक, सुंदर उत्तर. प्रिय ग्राहक, आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे. MA-11 हा पार्ट आम्ही आमच्या मुख्य गोदामात काळजीपूर्वक तपासला. ह्या पार्टचं उत्पादन बंद झालं आहे.

प्राजू मोठ्याने वाचत होती. काकी म्हणाली, "परत वाच. नंबर कुटला?" प्राजूने परत वाचला. काकी उठली, डबी हातात घेतली, माझ्यासमोर धरली. MA-11. तिचंच स्टिकर! तिच्याच मशीनने छापलेलं, कंपनीच्या नंबरच्या बरोब्बर वर चिकटवलेलं. मी कंपनीला काकीच्या कपाटाचा नंबर पाठवला होता. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. आता ओरडणार, म्हणून मी डोळेच मिटले. ओरडली नाही. डोळे उघडले तर काकी खाली बसलेली, पदर तोंडात, आणि खांदे गदागदा हलतायत. "म्हंजी यानी," तिला श्वास पुरेना, "म्हंजी यानी माजा कपाट तपासला? आनि बंद पन केला?"

मग ती अचानक हसायची थांबली. मी तिला यार्डात कधी बघितलं नाही, पण जाळीच्या खिडकीमागे ती अशीच दिसत असणार. "लिव," ती म्हणाली. "अजून एक नंबर लिव. KI-22." "KI-22 काय आहे, काकी?" "वरवंटा."

सहा मिनिटं लागली. प्रिय ग्राहक, KI-22 हा पार्ट आम्ही आमच्या मुख्य गोदामात काळजीपूर्वक तपासला. ह्या पार्टचं उत्पादन बंद झालं आहे. जुना पार्ट जवळच्या सेंटरमध्ये आणल्यास नवीन खरेदीवर खास सवलत.

"चला," काकी म्हणाली. "आनायला सांगतंय ना तो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षाने सर्व्हिस सेंटरला. काकी, प्राजू आणि मी, आणि काकीच्या मांडीवर पिशवीत वरवंटा. सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचं, एसीचं, सोफे वगैरे. सोफ्यांवर सात-आठ आजी-आजोबा आपापला नंबर यायची वाट बघत होते, सगळेच कमी ऐकणारे, त्यामुळे पुढचं सगळं भांडण तार सप्तकात झालं ह्याला काकीचा इलाज नव्हता. काउंटरवर तोच, टायवाला. काकीने आधी दोन्ही पत्रांच्या प्रिंट ठेवल्या. मग पिशवीतून वरवंटा काढला आणि काचेवर ठेवला. काच वाजली.

"हा तुमचा बंद झालेला पार्ट. आनलाय. सवलत काय देतंस?"

टायवाला वरवंट्याकडे बघत राहिला. वरवंट्यावर स्टिकर, KI-22. त्याने पत्र वाचलं. परत वरवंटा बघितला. "मॅडम, हे... हे ऑटोमॅटिक उत्तर जातं. कॉम्प्युटर पाठवतो."

"मंग तपासला कोनी? इथं लिवलंय, काळजीपूर्वक तपासला. काळजी कॉम्प्युटर करतं?"

"काय म्हणाली?" सोफ्यावरच्या एका आजोबांनी विचारलं. शेजारच्या आजींनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "म्हणतायत, ह्यांनी वरवंटा तपासला!" "वरवंटा? अरे वा!" म्हणून आजोबा उठून काउंटरपाशीच आले. मग एकेक करून सगळेच आले. मी तेवढ्यात मोबाइल वर धरून सुरू केलं, "दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे आणि," तर टायवाला म्हणाला, "ताई, तो कायदा अजून पूर्ण आलेला नाही." मी गडबडले, कारण खरंच आलेला नाही. पण काकी शांतपणे म्हणाली, "तो नसंल आला. पन न बगता 'बगला' म्हनायचा कायदा कुटला? तो कदी आला?"

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी का वाजवतात ते न विचारता वाजवल्या.

मग काकीने नखाने MA-11 चं स्टिकर हळूच सोलून काढलं. खाली कंपनीचा नंबर, बारीक, पण स्वच्छ. "हा तपास. आनि साहेबाला फोन नको लावू. साहेबाला काय माहीत असतं? स्टोरवाल्याला लाव."

त्याने लावला, स्पीकरवर. पलीकडे गाडी मागे घेतानाचं टूं-टूं चाललेलं. स्टोअरवाल्याने नंबर घेतला, क्षणभराने म्हणाला, "सिस्टीमला झीरो आहे." टायवाल्याने "बघा" अशा अर्थाने हात पसरले. काकीने फोन आपल्याकडे ओढला. "भाऊ, सिस्टीम र्‍हाऊ दे. बंद मालाचा कोपरा कुटं केलाय तुमी? मागच्या भिंतीला ना? जिथं डबा खायला बसता?"  पलीकडचं टूं-टूं थांबलं. "तुम्हाला कसं माहीत, ताई?" "सगल्या स्टोरान तिथंच असतं. जा, बग. खालच्या रॅकला बग, वरच्या नको. मी हाय लाइनवर."

आम्ही सगळे त्या काउंटरभोवती उभे. टायवाला, आम्ही तिघी, सोफ्यावरचे सगळे, मधे वरवंटा. प्राजूने माझा हात इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली. बऱ्याच वेळाने फोन खरखरला. "ताई? आहेत. पाच डब्या आहेत. सीलबंद."

काय ओरडलो आम्ही! आजी-आजोबांना पण ऐकू गेलं.

"गोदाम कुटं तुमचा?" काकीने विचारलं. "पळस्प्याला, हायवेला लागून, दोन निळी गेटं आहेत तिथे."  प्राजूने माझ्याकडे बघितलं. ते गोदाम ह्यांच्या घराच्या गच्चीवरून दिसतं! ते ज्या जागेवर आहे तिथे एकेकाळी मोठी आईने भात लावलाय. बारा दिवसांतले चार दिवस सगळं घर रडत होतं आणि डबी भिंतीपलीकडे पडून होती.

टायवाल्याने शेवटचा प्रयत्न केला. "ग्राहकाला थेट देता येत नाही, पॉलिसी आहे." काकीने पर्समधून पेन काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "बरा. मंग एवडाच लिव. 'माल हाय, पन देनार नाय.' खाली नाव, शिक्का. मी जातंय."  काकीने वरवंटा थोडा त्याच्या बाजूला सरकवला, कागद उडू नये म्हणून, असं ती अजूनही म्हणते. त्याने पेन उचललं नाही. आत गेला, काचेच्या खोलीत कुणाशी तरी बोलला, बाहेर येऊन बिल बनवायला लागला. उद्या संध्याकाळी डबी मिळेल म्हणाला. काकी म्हणाली, "पाची मागव. ह्या बाबांची पन तीच डबी हाय, मी मगाशी बगितली." आजोबा ऐकत नव्हते, पण त्यांनी तिला नमस्कार केला.

डबी आली. रात्रभर मशीनं चार्ज झाली, हिरवा दिवा लागला, सकाळी मोठी आईने ती कानात घातली. आम्ही सगळे समोर रांगेत. तिने इकडेतिकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "पंखा वाजतंय गो." काकी उड्या मारायची बाकी होती. "बेरिंग आनून ठेवलंय!"

आणि बुधवारी हळदीला मोठी आई गायली. मी ते लिहू शकत नाही, माझा स्पीड कितीही असू दे. बारीक, थोडा चिरका, पण सरळ जाणारा आवाज. ती ओळ टाकायची, मागच्या बायका उचलायच्या, ती कान देऊन ऐकायची, मान हलवायची, पुढची द्यायची. प्राजू हळदीने पिवळी, पाटावर बसलेली, डोळे गळतायत आणि हसतेय. आणि मधेच मोठी आई थांबली. सगळे घाबरले. तिने मागे वळून बघितलं. "मागं कोन ता भसाडं?" सगळ्या बायकांनी काकीकडे बघितलं. काकी म्हणाली, "मीच. इतकी वर्सं गातंय. तुला आज ऐकू आला." मांडवात असा हशा पिकला की भटजीसुद्धा बाहेरून डोकावले.

प्राजू आता सासरी असते, बेलपाड्याला. तरी मी रविवारी त्या घरी जाते, सवयच झालीय. दुपारी जेवणं झाली की मागच्या पडवीत काकी मोठी आईच्या पुढ्यात मांडी घालून बसते. धवला शिकते. ह्या वयात, त्या गळ्याने. मी लिहून घ्यायला बसते. पण मोठी आईला धवला सांगता येत नाही, फक्त गाता येतो. मधली एखादी ओळ परत विचारली की तिला ती नुसती आठवत नाही, ती डोळे मिटते आणि पहिल्यापासून सुरू करते. काकी त्याच जागी चुकते. मोठी आई "नाय गो, बया" म्हणते आणि परत पहिल्यापासून. कधीकधी ती स्वतःच मधे थांबते, ओठ हलतात, ओळ येत नाही. तेव्हा काकी घाई करत नाही. हात मांडीवर ठेवून नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसते. मग मोठी आई परत सुरुवातीला जाते, पहिला शब्द उचलते, आणि आम्ही दोघी तिच्या मागून निघतो. अजून आमचा हळदीचा धवलासुद्धा पूर्ण झालेला नाही.